बिऱ्हाड पाठीवर, पण मुक्कामाची पावती आधी

सप्टेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात मी, माझे पती आणि सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई असे आम्ही तिघे अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीहून भाड्याची कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी, घेऊन निघालो आणि यलोस्टोन व ग्रँड टीटन या दोन राष्ट्रीय उद्यानांत पाच रात्री राहून आलो. हे परीक्षण मुख्यतः त्या व्हॅनचे आणि ती भाड्याने देणाऱ्या सेवेचे आहे. परंतु अशा सहलीत गाडी, मुक्कामाची जागा आणि रस्ता या तीन गोष्टी एकमेकींत इतक्या अडकलेल्या असतात की एकीबद्दल लिहिताना उरलेल्या दोघी आपोआप येतात. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण माझा अनुभव तिच्या एका शाखेतल्या एका गाडीचा आहे. गुणच द्यायचे झाले तर पाचपैकी गाडीला साडेतीन, कंपनीला अडीच आणि यलोस्टोनमधील मॅडिसनच्या मुक्कामाला साडेचार देईन.

कॅम्पर व्हॅनच्या जाहिरातींत गाडी नेहमी एखाद्या तळ्याच्या काठी एकटीच उभी असते, मागचे दार उघडे असते आणि आत कोणीतरी रजई पांघरून सूर्योदय पाहत असते. यलोस्टोनमध्ये असे करता येत नाही. रस्त्याकडेच्या थांब्यावर, वाहनतळावर किंवा नदीकाठी गाडी लावून झोपण्यास तेथे मनाई आहे. रात्र काढायची ती ठरवून दिलेल्या कॅम्पग्राउंडमधील आपल्या क्रमांकाच्या जागेवरच. व्हॅन म्हणजे ‘वाटेल तेथे मुक्काम’ हा आमच्या मनातला समज नियोजनाच्या पहिल्याच संध्याकाळी, नियम वाचताना गळून पडला. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते खरे, पण विंचवाला कोणी पावती मागत नाही.

म्हणून नियोजनाचा क्रम उलटा असायला हवा, आणि आम्ही तो सुदैवाने तसाच ठेवला. जानेवारीत तारखा ठरल्या. व्हॅनचे आरक्षण वीस मिनिटांत होण्यासारखे होते, तरी ते आम्ही मागे ठेवले आणि आधी जागा शोधायला बसलो. त्याला पाच आठवडे लागले. उद्यानात बारा कॅम्पग्राउंड आहेत आणि त्यांचे आरक्षण दोन वेगवेगळ्या ठिकाणी होते. मॅडिसन, कॅन्यन, ग्रँट व्हिलेज, ब्रिज बे आणि फिशिंग ब्रिज ही मोठी ठिकाणे लॉज चालवणाऱ्या कंत्राटदार कंपनीकडे आहेत आणि तेथील जागा वर्षभर आधीपासून जाऊ लागतात. मॅमथ, स्लू क्रीक, लुईस लेक यांसारखी लहान ठिकाणे राष्ट्रीय उद्यान सेवा स्वतः पाहते आणि त्यांचे आरक्षण केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर होते. मॅडिसनच्या दोन रात्री आम्हाला सरळ मिळाल्या. कॅन्यन मात्र पूर्ण भरलेले होते. तेव्हा रोज रात्री जेवणानंतर, पूर्वी गावाकडे लोक रेडिओवर बाजारभाव ऐकत तशा नेमाने, मी कोणी आरक्षण रद्द केले आहे का ते पाहत असे, आणि फेब्रुवारीच्या शेवटी सलग दोन रात्री हाती लागल्या. पाचवी रात्र टीटनमधील कोल्टर बे येथे घेतली. हे तिन्ही मुक्काम पक्के झाल्यावरच व्हॅनचे पैसे भरले.

येथे कंपनीविषयीची पहिली तक्रार नोंदवते. आमची व्हॅन छत वर उचलता येणारी होती, म्हणजे छप्पर तिरके उघडते, त्याच्या बाजूंना जाड कापड असते आणि वर दोघांना झोपता येते. आरक्षणाच्या वेळी आम्ही कंपनीच्या प्रतिनिधीला स्पष्ट विचारले होते की, ही गाडी यलोस्टोनच्या सर्व कॅम्पग्राउंडमध्ये चालेल का. उत्तर ‘होय’ असे आले. ते चुकीचे होते. फिशिंग ब्रिजच्या परिसरात ग्रिझली अस्वलांचा वावर असल्यामुळे तेथे फक्त पूर्णपणे टणक भिंतींच्या गाड्यांनाच मुक्काम करता येतो; तंबू, कापडी बाजूंचे ट्रेलर किंवा उघडणारी छते चालत नाहीत. आणि वीज, पाणी व सांडपाण्याची जोडणी जागेवरच देणारे उद्यानातील एकमेव कॅम्पग्राउंड नेमके तेच आहे. म्हणजे छत उघडणारी व्हॅन घेणाऱ्याने विजेच्या जोडणीची आशा घरीच सोडावी. आमचे तेथे आरक्षण नव्हते म्हणून निभावले. भाड्याची गाडी ठरवताना तिच्या लांबीबरोबरच तिच्या भिंती कशाच्या आहेत हेही विचारावे आणि उत्तर उद्यानाच्या नियमांशी स्वतः ताडून पाहावे.

मार्गाचा विचार करताना इंग्रजी आठच्या आकड्यासारखा ग्रँड लूप रस्ता डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. तो एकूण १४२ मैल आहे. कागदावर हे अंतर एका दिवसाचे वाटते आणि बरेच लोक ते एका दिवसात उरकतातही. परंतु उद्यानात वेगमर्यादा ताशी ४५ मैलांची आहे, आणि हेडन खोऱ्यात गव्यांचा, म्हणजे तिकडच्या बायसनचा, कळप रस्त्यावर आला की वेगाचा प्रश्नच उरत नाही. आम्ही एकदा पस्तीस मिनिटे एकाच जागी उभे होतो आणि एक थोराड नर आरशाला घासून गेला. मॅडिसन आणि कॅन्यन असे दोन तळ ठेवण्याचे कारण हेच. मॅडिसनहून ओल्ड फेथफुल, म्हणजे ठरावीक अंतराने उंच उसळणारा प्रसिद्ध गरम पाण्याचा झरा, १६ मैल आहे, नॉरिसचे गरम झरे १४ मैल. कॅन्यनहून टॉवरमार्गे लामार खोरे गाठता येते आणि दक्षिणेला सरोवर. रोज नव्या ठिकाणी मुक्काम केला असता तर आईचे अर्धे आयुष्य गाडीत सामान आवरण्यातच गेले असते.

आता गाडी. लांबी साधारण वीस फूट, उंची साडेआठ फुटांच्या जवळपास, आणि चालवायला साधा मोटारीचा परवाना पुरेसा. ताब्यात देताना तरुण कर्मचाऱ्याने अठरा मिनिटांत शेगडी, पाण्याचा पंप, हीटर, छताचे कुलूप आणि सांडपाण्याची टाकी दाखवली, आणि ती माहिती इतक्या भरभर दिली की आम्हाला शेवटी फक्त छताचे कुलूप लक्षात राहिले. माझ्या पतींनी दुसऱ्यांदा सांगायला लावून मोबाइलवर चित्रण करून घेतले. पुढे ते चित्रण आम्ही निदान सहा वेळा पाहिले. गाडी स्वच्छ होती, टायर नवे होते, काचांना आतून लावायचे जाड पडदे नीट बसत होते. सरकत्या दाराला मात्र एक खोड होती. ते जोराने ओढल्याशिवाय लागत नसे आणि रात्री दहानंतर शांततेच्या वेळात तो धाडकन आवाज साऱ्या शेजाऱ्यांना ऐकू जात असे.

झोपण्याची सोय जाहिरातीत ‘चौघांसाठी’ आहे. खाली मागच्या बाकाचा पलंग होतो; तो आईला दिला. आम्ही दोघे वर, पुढच्या सीटवर पाय देऊन चढायचो. पन्नाशीच्या आतबाहेरच्या माणसाने हे रोज दोनदा करणे अशक्य नाही, पण त्यात शोभा मुळीच नाही. चार मोठी माणसे या गाडीत झोपू शकतील. मात्र चार मोठी माणसे एकाच वेळी उभी राहू शकणार नाहीत. कपडे बदलायचे तर एकाने बाहेर जायचे, आणि सप्टेंबरमध्ये पहाटे बाहेर शून्याच्या आसपास तापमान असते. कंपनीने भाड्याने दिलेल्या रजया पातळ निघाल्या. आईने सांगलीहून येताना वजनाची मर्यादा मोडून आणलेल्या दोन गोधड्या तेव्हा कामी आल्या. विमानतळावर त्यांच्यावरून मी तिच्याशी वाद घातला होता, हे येथे कबूल करते.

स्वयंपाकघराविषयी सविस्तर लिहिते, कारण मराठी घरातून निघालेल्या माणसाला गाडीचा खरा कस तेथेच कळतो. मागचे दार उघडले की एक ओटा बाहेर सरकतो. त्यावर छोटी मोरी, हाताने पाणी ओढायचा नळ आणि ब्यूटेनच्या डब्यावर चालणारी एकच शेगडी. पहिल्या सकाळी चहाचे आधण ठेवले तर ज्योत निळी होऊन थरथरू लागली आणि विझली. डबा भरलेला होता. कारण नंतर लक्षात आले: ब्यूटेन साधारण शून्य अंशाखाली वायुरूप होतच नाही, त्यामुळे गारठलेल्या डब्यातून गॅस वर येत नाही. प्रोपेनला ही अडचण उणे चाळीसपर्यंत येत नाही. गारठ्याच्या दिवसांत डोंगराळ प्रदेशात भाड्याने द्यायच्या गाडीत ब्यूटेनची शेगडी ठेवणे हा निव्वळ अविचार आहे. आम्ही त्यावर उपाय म्हणून रात्री डबा गाडीच्या उबेत ठेवू लागलो, आणि पहाटे चहाच्या आधी तो हातात धरून बसण्याचे काम माझ्या पतींकडे आले.

दुसरी गोष्ट उंचीची. मॅडिसनचे कॅम्पग्राउंड ६,८०० फुटांवर आहे आणि तेथे पाणी सुमारे ९३ अंश सेल्सियसलाच उकळते. कॅन्यन त्याहून हजारभर फूट उंच. उकळी जोरात दिसते, पण डाळ शिजत नाही. कंपनीच्या भांड्यांत एक कढई, एक पातेले आणि चार ताटल्या होत्या. मी घरून तीन लिटरचा कुकर नेला होता, तो नसता तर वरण-भात हा विषयच संपला असता. तुरीची डाळ रात्री भिजत घालून, घरच्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त देऊन उत्तम शिजली. शिट्टीच्या आवाजाने शेजारच्या जागेवरील जर्मन जोडपे धावत आले, त्यांना वाटले काही फुटले. भाजणीचे पीठ, मेतकूट, दाण्याचे कूट आणि कोरडी चटणी या चार डब्यांवर आमचे पाच दिवस उत्तम निघाले, आणि पहिल्या दिवशी आयडाहो फॉल्सला भाजी, दूध व दही घेतल्यावर उद्यानातल्या महागड्या दुकानांत फक्त एकदाच जावे लागले.

गाडीच्या आत मात्र फोडणी करू नये. एका पावसाळी संध्याकाळी मी ओटा आत ओढून, दार निम्मे उघडे ठेवून मोहरी-मिरचीची फोडणी दिली. धुराचा गजर किंचाळू लागला आणि तो बंद करण्याचे बटन छताच्या अशा कोपऱ्यात होते की तेथे हात पोहोचण्यासाठी आईला पलंगावर उभे राहावे लागले. गजराचे काम चोख आहे ही गोष्ट गाडीच्या बाजूने मोजते. कार्बन मोनॉक्साइडचाही वेगळा गजर होता, आणि बंद गाडीत शेगडी पेटवणाऱ्याच्या जिवाला त्याची खरोखरच गरज असते.

अस्वलांमुळे स्वयंपाकाची शिस्त कडक ठेवावी लागते. अन्नच नव्हे, तर रिकामा कुकर, तेलाची बाटली, टूथपेस्ट, साबण, वास येणारी प्रत्येक वस्तू वापरून झाली की गाडीत बंद करायची किंवा जागेवर असेल तर लोखंडी पेटीत ठेवायची. भांडी धुतलेले पाणीही जमिनीवर ओतायचे नाही. आमच्या गाडीची सांडपाण्याची टाकी चार गॅलनची होती आणि तीन माणसांचा महाराष्ट्रीय स्वयंपाक ती दीड दिवसात भरून टाकत असे. उपसून नेण्यासाठी काढता येणारी टाकी होती, हे चांगले. ती उपसायची कोठे हे सांगणारा कागद गाडीत नव्हता, हे वाईट. मॅडिसनला त्यासाठीचे ठिकाण आहे.

दुसऱ्या रात्री हीटर बंद पडला. तो पेट्रोलवर चालतो, पण त्याचा पंखा आणि ठिणगी बॅटरीवर चालतात, हे आम्हाला तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते. पहाटे पावणेचारला हीटरच्या पडद्यावर बिघाडाचा संकेत लुकलुकला आणि गाडी पंधरा मिनिटांत बर्फाच्या पेटीसारखी झाली. कारण सकाळी उलगडले. फ्रिज, हीटर यांसाठीची वेगळी बॅटरी शंभर अँपिअर-तासांची आणि जुन्या शिसे-आम्लाच्या जातीची होती, म्हणजे तिच्यातील निम्मीच वीज धोक्याशिवाय वापरता येते. फ्रिज दिवसाला त्यातली बहुतेक खातो. ती भरून निघते दोनच मार्गांनी: छतावरच्या सौर पट्टीने आणि गाडी चालताना इंजिनाने. आमची जागा पाइनच्या दाट सावलीत होती आणि त्या दिवशी आम्ही ओल्ड फेथफुलला जाऊन-येऊन जेमतेम चाळीस मैल चाललो होतो. त्यात आईची विजेवर तापणारी शेकायची पिशवी इन्व्हर्टरवर दोनदा लावलेली. कंपनीच्या माहितीपत्रकात ‘दोन दिवस विजेची चिंता नाही’ असे लिहिले होते. त्या वाक्याच्या पुढे ‘उन्हाळ्यात, उघड्यावर, हीटरशिवाय’ असे छापायला हवे होते.

मॅडिसनला मोबाइल चालत नव्हता. इंजिन सुरू करून बॅटरी भरणे शक्य होते, पण शांततेच्या वेळात शेजाऱ्यांच्या उशाशी इंजिन चालवणे आम्हाला योग्य वाटले नाही. दोन्ही गोधड्या एकत्र करून तिघेही खालच्या पलंगावर बसलो. त्या तासाभरात नदीच्या बाजूने लांबलचक, शेवटी चिरकणारी शीळ ऐकू येऊ लागली. एखादे मूल हरवले की काय, असे आईला वाटले. ते एल्क या मोठ्या हरणांचे नर होते. सप्टेंबर हा त्यांचा माजाचा काळ आणि मॅडिसनच्या कुरणांत त्यांची ही ललकारी रात्रभर चालते. हीटर चालू असता तर ती आम्ही झोपेत घालवली असती, असे पती म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे असले तरी त्यामुळे कंपनीचा गुण वाढत नाही. दुसऱ्या दिवशी कॅन्यनला पोहोचल्यावर संपर्क झाला, तेव्हा उत्तर मिळाले की रोज संध्याकाळी अर्धा तास इंजिन चालू ठेवावे. ही सूचना ताब्यात देतानाच्या अठरा मिनिटांत बसली असती. भरपाई म्हणून चाळीस डॉलर परत मिळाले, तेही दोनदा लिहिल्यावर.

गाडीच्या रचनेतच असलेला दोष वेगळा आहे आणि तो कोणत्याही कंपनीच्या व्हॅनमध्ये राहणारच. आपले घर आणि आपले वाहन एकच असते. दूध आणायला जायचे तरी आधी अंथरूण गुंडाळा, छत खाली ओढा, ओटा आत ढकला, कपाटांच्या कड्या लावा, मग निघा. आम्हाला सवय झाल्यावर या सगळ्याला बावीस मिनिटे लागत. शिवाय वीस फुटांची गाडी गरम झऱ्यांच्या वाहनतळांवर अडचणीची ठरते. ग्रँड प्रिझमॅटिक झऱ्यासाठी मिडवेच्या वाहनतळावर आम्ही दहा वाजता पोहोचलो तर रांग मुख्य रस्त्यापर्यंत आली होती. दोन फेऱ्या मारून आम्ही पुढे गेलो आणि संध्याकाळी पाचनंतर परत आलो, तेव्हा जागाही मिळाली आणि निळ्या पाण्यावरची वाफही विरळ झाली होती. ओल्ड फेथफुलला प्रशस्त वाहनतळ आहे, तेथे ही चिंता नाही. पुढच्या उसळीची अंदाजे वेळ तेथे फलकावर लिहिलेली असते, दोन उसळ्यांमध्ये साधारण दीड तास जातो, आणि तेवढ्या वेळात गाडीत जाऊन थालीपीठ लावता येते. आम्ही लावले.

व्हॅनने आपली किंमत वसूल करून दिली ती चौथ्या दिवशी पहाटे. लामार खोऱ्यात लांडगे पाहायचे तर उजाडण्याच्या आत पोहोचावे लागते. १९२० च्या दशकात या उद्यानातून लांडगे मारून संपवले गेले होते आणि १९९५ मध्ये कॅनडातून आणून ते पुन्हा सोडले गेले. आज त्यांना पाहण्यासाठी लोक दुर्बिणी लावून थंडीत तासन्‌तास उभे असतात. आम्ही कॅन्यनहून सव्वापाचला निघालो, ८,८५९ फुटांवरची डनरॅव्हन खिंड अंधारात ओलांडली आणि लामारच्या एका थांब्यावर गाडी लावली. आई मागे गोधडीत झोपलेलीच होती. हॉटेलात उतरलो असतो तर तिला चारला उठवावे लागले असते आणि ती आलीच नसती. उजाडले तेव्हा ती पलंगावर बसून, पडदा बाजूला करून, हातात आल्याचा चहा घेऊन बायसनच्या कळपाकडे पाहत होती. लांडगे दिसले ते शेजारच्या एका सद्गृहस्थांच्या दुर्बिणीतून, दीड मैलावरचे तीन करडे ठिपके. बायसन आणि एल्कपासून किमान २५ यार्ड, अस्वल आणि लांडग्यांपासून १०० यार्ड अंतर ठेवण्याचा नियम आहे. गाडीतच घर असल्यावर तो पाळणे फार सोपे जाते.

स्नान आणि शौचालय या बाबी वयस्क माणसांना नेताना आधी पाहाव्यात. आमच्या गाडीत दोन्ही नव्हते. मॅडिसनला स्वच्छ शौचालये आहेत पण शॉवर नाहीत. कॅन्यनला शॉवर आणि कपडे धुण्याची सोय आहे. म्हणून मॅडिसन आधी आणि कॅन्यन नंतर हा क्रम बरा पडतो. रात्री दोन वाजता आईला विजेरी घेऊन शौचालयापर्यंत न्यायचे आणि वाटेत मोठ्याने बोलत राहायचे, म्हणजे एखादे जनावर बिचकून समोर येणार नाही, हा आमचा रोजचा उपक्रम झाला होता. सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी आरक्षणाच्या वेळी शौचालयाजवळची जागा मिळते का ते विचारावे. तिचे गुडघे दुखत असतानाही आईने तक्रार केली नाही, ती बहुधा संगमामुळे. मॅडिसनच्या कॅम्पग्राउंडपाशी गिबन आणि फायरहोल या नद्या एकत्र येऊन मॅडिसन नदी होते, आणि हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर जन्मभर जात आलेल्या बाईला तेवढे कारण पुरले. रोज सकाळी ती तेथे जाऊन हात जोडून येत असे.

टीटनविषयी थोडक्यात: कोल्टर बेचे कॅम्पग्राउंड मोठे, झाडीचे आणि सरोवराजवळ आहे, आणि एका रात्रीत त्याला न्याय देता येत नाही. कॅन्यनहून तेथवरचा रस्ता यलोस्टोन सरोवराच्या काठाने, वेस्ट थंबवरून दक्षिण दारातून, सगळा मिळून ८० मैलांच्या आसपास आहे आणि या सहलीतला गाडी चालवायला सर्वांत सुखाचा भाग तोच होता.

खर्चाचा हिशेब स्पष्ट द्यायला हवा. गाडीचे जाहिरातीतले भाडे दिवसाला १८० डॉलर, म्हणजे सहा दिवसांचे १,०८०. त्यावर विमा दिवसाला ३२ डॉलर, गाडी तयार करण्याचे ९५, अंथरूण-भांड्यांचे ७५. दिवसाला १२५ मैल मोफत होते, म्हणजे एकूण ७५०. आमचे ८९० झाले आणि जादा १४० मैलांचे, मैलामागे ३५ सेंटने, ४९ डॉलर. कर धरून आकडा साडेसोळाशेपर्यंत गेला, म्हणजे दिवसाला पावणेतीनशे. मुक्कामाच्या जागांचे पाच रात्रींचे अडीचशेच्या आत, पेट्रोल दोनशेच्या थोडे वर. दोन्ही उद्यानांचे प्रवेशशुल्क गाडीमागे ३५-३५ डॉलर होते; आम्ही मात्र ८० डॉलरचा वार्षिक पास घेतला. भारतातून येणाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे की २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या १६ वर्षांवरील पाहुण्यांसाठी या दोन्ही उद्यानांत माणशी १०० डॉलरचे वेगळे शुल्क आणि २५० डॉलरचा वेगळा वार्षिक पास लागू झाला आहे. साधी मोटार आणि चांगला तंबू घेऊन याच जागांवर राहिलो असतो तर निम्म्याहून कमी खर्च आला असता.

विम्याच्या बाबतीत मी एक चूक करता करता वाचले. क्रेडिट कार्डावर भाड्याच्या मोटारींचा विमा मिळतो, म्हणून कंपनीचा नाकारण्याचे ठरवले होते. कार्डाच्या अटी वाचल्यावर दिसले की झोपण्याची सोय असलेल्या गाड्या त्यातून वगळलेल्या आहेत. बऱ्याच कार्डांची आणि घरगुती मोटारविम्यांची हीच अट असते. बायसनने आरसा घासला त्या पस्तीस मिनिटांत ते ३२ डॉलर मला मुळीच महाग वाटले नाहीत.

दोघांनी, पाठ आणि गुडघे शाबूत असताना, सप्टेंबरऐवजी जून-जुलैत जायचे असेल तर अशी व्हॅन मी सुचवीन. तिघांना ती तोकडी आहे. लहान मुले असतील तर त्यांना छताखालचा माळा स्वर्ग वाटेल आणि आई-बापांना बावीस मिनिटांची आवराआवर चाळीसची होईल. गाडी घ्यायचीच तर लिथियमची बॅटरी, प्रोपेनची शेगडी आणि टणक भिंती या तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात आणि ताब्यात घेताना किमान एक तास काढावा.

परत देताना कर्मचाऱ्याने दार उघडले, दोन क्षण थांबला आणि फोडणीच्या वासाबद्दल काही न बोलता सही करून मोकळा झाला. साफसफाईचा दंड लागला नाही. अनामत रक्कम नवव्या दिवशी परत आली. आई सांगलीला परतली आहे आणि तिने पुन्हा येण्यासाठी एकच अट घातली आहे, संगम तोच हवा. पुढच्या जूनसाठी मॅडिसनच्या तीन रात्री आम्ही घेऊन ठेवल्या आहेत, शौचालयाजवळच्या रांगेतली जागा मागून. गाडी कोणती न्यायची ते अजून ठरलेले नाही.